फिट्टंफाट

एकतीस वर्षं मी एकच चुकीचं उत्तर ऐकत आले आहे. मुली बदलतात, वेणीच्या रिबिनींचा रंग बदलतो, पुस्तकाचं कव्हर तीनदा बदललं, उत्तर मात्र तेच. मी विचारते, क्रिया आणि प्रतिक्रिया सारख्या आणि उलट दिशेच्या, तर मग त्या एकमेकींना खोडून का काढत नाहीत? समोरची मुलगी पंख्याकडे बघत म्हणते, "काढतात, मिस." तसं असतं तर जगात काही हललंच नसतं, तू शाळेपर्यंत कशी आलीस गं बाई, असं मी पूर्वी विचारायची. आता नाही विचारत. घसा दुखतो, आणि उत्तर देणारीला जेवणाची सुट्टी हवी असते.

मी सरस्वती. तंजावुरात मुलींच्या एका शाळेत फिजिक्स शिकवते. येत्या मे महिन्यात रिटायर होणार. शिकवते तमिळमधून, कुरकुरते मराठीतून. आमची माणसं मराठा राजांच्या काळात इथं आली आणि इथलीच झाली. घरात मराठी बोलतो खरं, पण देवनागरी वाचता येणारे आमच्यात बोटावर मोजण्याएवढे. मराठी लिहायची वेळ आली तर तमिळ अक्षरांत लिहायची. तमिळात प, फ, ब, भ या चौघांना मिळून एकच अक्षर आहे. म्हणजे बाप आणि पाप आम्ही सारखंच लिहितो, आणि कुठला कोण ते पुढच्यामागच्या शब्दांवरून ओळखतो. पिढ्यान्‌पिढ्या भागलं आहे.

तर ते उत्तर. खोडून काढत नाहीत, कारण दोन्ही बलं एकाच वस्तूवर लागत नाहीत. मी भिंतीला ढकललं तर तो धक्का भिंतीला बसतो. भिंत मला तेवढंच उलट ढकलते, तो धक्का मला बसतो. तिचं तिच्याकडे, माझं माझ्याकडे. यात न कळण्यासारखं काय आहे, देव जाणे.

हे मला मात्र सातव्या वर्षीच कळलं होतं, न्यूटनचं नावही ऐकलं नव्हतं तेव्हा. माझा थोरला भाऊ अनिरुद्ध, त्याला मी अण्णा म्हणते. आम्ही दोघं भांडायचो. तो पाठीत धपाटा घाली, मी दंडाला चिमटा काढी. आई चुलीपुढून न उठता म्हणायची, "झाली फिट्टंफाट. ताटं मांडा." अण्णा लगेच ताटं मांडायला धावे. मी तिथंच उभी. धपाटा माझ्या पाठीवर, चिमटा त्याच्या दंडावर. फिटलं कुठे? दोन ठिकाणी दुखत होतं.

परवा गुरुवारी अकरावीची प्रॅक्टिकल होती. बाहेरच्या शाळेचे परीक्षक खुर्चीत बसून पेंगत होते. एका मुलीनं तोंडी परीक्षेत मला तेच जुनं उत्तर दिलं, मी तिला अर्धा मार्क देऊन पुढं पाठवलं, आणि तेवढ्यात पर्समधला फोन थरथरला. हरिताचा मेसेज होता. हरिता म्हणजे अण्णाची मुलगी, त्याला अप्पा म्हणते, मला अत्ते. तासाभरावरच्या ओरत्तनाडूला त्याच्याजवळ असते, बँकेत आहे. मेसेज नेहमीसारखाच, तमिळ अक्षरांतलं मराठी: "अत्ते, अप्पा उठत नाहीत. लगेच गाडी पाठवा."

तीन आठवड्यांपूर्वी अण्णा न्हाणीघरात पडला होता. उजव्या खुब्याचं हाड मोडलं, सळई घालून जोडलं. हरितानं तेव्हा कळवलं होतं, आणि मी काय उत्तर धाडलं? "सरी." म्हणजे बरं. सख्खा भाऊ हाड मोडून पडला आणि बहिणीनं दोन अक्षरं पाठवली. मी गेले नाही. लाज वाटत नव्हती असं नाही, पण लाजेपेक्षा राग मोठा होता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते आमच्या घराण्याकडे बघूनच म्हणाले असतील.

हरिताला फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला, उचलेना. मग रमणला लावला. रमणची टॅक्सी आहे. आई होती तेव्हा हॉस्पिटलच्या खेपा त्याच्याच गाडीतून व्हायच्या. म्हटलं, "रमणा, ओरत्तनाडू, माझ्या भावाचं घर, जुन्या धर्मशाळेपासून तिसरी गल्ली. पेशंट आणायचा आहे. उड." तो म्हणाला, "तुम्ही येताय ना, मिस?" मी म्हटलं, "परीक्षा आहे." खरं तर परीक्षकांना सांगून निघता आलं असतं. पेंगणाऱ्या माणसाला काय फरक पडणार होता? पण गाडी पाठवणं वेगळं आणि स्वतः जाऊन त्याच्या उंबऱ्यात उभं राहणं वेगळं. तीन वर्षं मी त्याच्याशी बोलले नव्हते.

कारण विचाराल तर सांगायला लाज वाटते. काठी.

आमच्या वडिलांची, नानांची, एक शिसवी काठी आहे. मुठीला चांदी. नाना महसूल खात्यात होते, आणि पायात काही दोष नसतानाही काठी घेऊन हिंडायचे, रुबाब म्हणून. ते गेले आणि काठी आईच्या खोलीत दारामागे राहिली. आई माझ्याजवळ होती, शेवटची नऊ वर्षं मीच तिचं सगळं केलं. अण्णा सणासुदीला यायचा, कॉफी प्यायचा, आणि निघताना हटकून म्हणायचा, "ती काठी मला दे गे." मी म्हणायची, "आई आहे तोवर तिच्या खोलीतलं काही हलणार नाही." तो हसायचा. मी हसायची नाही.

तीन वर्षांपूर्वी आवणी महिन्यात, इकडच्या लग्नसराईत, आई हॉस्पिटलात होती. डॉक्टर म्हणाले, आता बोलवायचं त्यांना बोलावून घ्या. मी सकाळी अण्णाला फोन केला. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोनच आठवडे झाले होते, हरिता शिकायला कोइम्बतूरला, घरात तो एकटा. म्हणाला, "बघतो." लग्नाचा मोठा मुहूर्त होता त्या दिवशी. हॉस्पिटलच्या खिडकीतून दोन दोन मंडपांतलं नादस्वर ऐकू येत होतं. आई मधूनच डोळे उघडायची आणि विचारायची, "अनिरुद्ध निघाला?" दुपारी त्याचा मेसेज आला. दोन शब्द. "काठी पाठव."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आई जायला टेकली आहे, आणि याला गुडघ्याची पडली आहे. बरं, काठी काय बाजारात मिळत नाही? नाही, याला नानांचीच हवी, चांदीच्या मुठीची, आणि तीही आजच, आई जिवंत असतानाच. मी आईचे कपडे आणायला घरी गेले होते, तशीच काठी उचलली, जुन्या बसस्टँडवर जाऊन ओरत्तनाडूच्या बसच्या कंडक्टरच्या हातात दिली. मुठीला चिठ्ठी बांधली. चिठ्ठीत एकच शब्द, "घे." इतका आनंद मला त्या आठवड्यात दुसऱ्या कशानं झाला नव्हता, हेही सांगून टाकते.

अण्णा आला नाही. आई दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. तो दुपारी पोचला, हरितानं कोइम्बतूरहून मैत्रिणीची गाडी आणून त्याला तीत घालून आणलं होतं. आईला उचलायच्या आधी दहा मिनिटं. मी दारातच विचारलं, "काठी पोचली?" तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "पोचली." तेवढंच बोलणं. तेराव्यानंतर काठी त्याच बसनं परत आली, माझ्या चिठ्ठीसकट. मी ती पुन्हा दारामागे ठेवली आणि म्हटलं, झाली फिट्टंफाट.

परवा दुपारी एकच्या सुमारास, दुसरी बॅच लोलकाचे झोके मोजत असताना, हरिताचा फोन आला.

"अत्ते, गाडी कशाला पाठवली?"

"म्हणजे? अण्णा उठत नाही म्हणून तूच लिहिलंस ना. शुद्धीवर आहे का तो?"

"शुद्धीवर आहेत, मला शिव्या देताहेत. पलंगावरून उठून उभे राहत नाहीत म्हणून लिहिलं मी. डॉक्टर म्हणतात, या आठवड्यात पायावर भार दिला नाही तर मग अंथरुणच. वॉकर आणला तर भिंतीवर ढकलून दिला. पण झोपेत नानांची काठी, नानांची काठी म्हणतात. म्हणून म्हटलं, ती असली तर उठतील. मी काठी मागितली होती अत्ते. काठी पाठवा, असं लिहिलं."

"गाडी लिहिलंस तू."

"काठी लिहिलं. मी माझं लिहिलेलं विसरेन का?"

हरिता पुढं म्हणाली, आवाज खाली करून, "अत्ते, तुमचं काय झालं होतं ते मला कुणी सांगत नाही. पण रमणनं हॉर्न दिला, अप्पांना खिडकीतून गाडी दिसली. म्हणाले, 'सरसनं पाठवली?' मी हो म्हटलं. म्हणाले, 'आत्ता होय? तीन वर्षं लागली तिला गाडी पाठवायला.' आणि भिंतीकडे तोंड करून रडायला लागले. मी त्यांना कधी रडताना बघितलं नाही, आजी गेली तेव्हाही नाही."

मी तिला "थांब" म्हटलं आणि मेसेज उघडला. शेवटची पाच अक्षरं डोळ्यांत जीव आणून बघितली. क, ख, ग, घ यांना तमिळात एकच अक्षर. ट, ठ, ड, ढ यांनाही एकच. सावध माणसं 'ठ'सारखा कडक उच्चार असला तर ते अक्षर दोनदा लिहितात. आमच्या घरात मात्र नानांपासून आळस, एकदाच लिहायचं, वाचणारा समजून घेईल. 'पाठवा'मधला 'ठ'ही एकटाच होता. म्हणजे काठी आणि गाडी, दोन्ही एकच. अक्षरन्‌अक्षर एकच. इतरांना 'ध'चा 'मा' करायला कुणी कारस्थानी माणूस लागतो. आमच्याकडे लिपीच पुरते.

मग तीन वर्षांपूर्वीचा मेसेज आठवला. तो मी पुसला नव्हता. राग ताजा ठेवायला अधूनमधून काढून वाचायची. तो काढला. दोन शब्द. मोठ्या मुहूर्ताचा दिवस. ओरत्तनाडूसारख्या गावात त्या दिवशी लग्नाच्या वऱ्हाडाखेरीज कुणाला गाडी मिळणार होती? बसची पायरी चढवेना अशा माणसानं तंजावुरातल्या बहिणीकडे काय मागावं?

मी गाडीच्या जागी त्याला काठी पाठवली होती. वर "घे" लिहून.

लॅबमधल्या स्टुलावर बसले. परीक्षकांना जाग आली होती, ते म्हणाले, "मॅडम, बीपी का?" मी म्हटलं, "नाही, स्पेलिंग." ते बिचारे पुन्हा खुर्चीत टेकले. मला वाटलं आता रडू येईल, पण आलं नाही. थकवा आला. तीन वर्षं काहीतरी जड उचलून धरावं आणि ते आपलं नव्हतंच असं कुणी सांगावं, तसा थकवा. नाही, ते आपलंच होतं, ही तर खरी गंमत. अण्णा आईला भेटला नाही, कारण मी वाचायला चुकले. आणि चुकले ते का? मला काठीच वाचायची होती म्हणून. गाडी वाचणारी बहीण दुसरी कुणी असती.

फोनवर हरिताला सांगितलं, "रमणला सोडू नको. मी येते, काठी घेऊन."

परीक्षकांवर बॅच सोपवून निघताना केमिस्ट्रीच्या कपाटातून एक मोठं रबरी बूच घेतलं आणि भोक पाडायच्या नळीनं त्याला अर्ध्यापर्यंत भोक पाडलं. नानांच्या काठीच्या टोकाचं रबर केव्हाच झिजून गेलं होतं, गुळगुळीत फरशीवर ती सटकली असती. चोरी म्हणा. एकतीस वर्षांत एक बूच, सरकार काही बुडणार नाही.

घरून काठी घेतली. चिठ्ठी अजून मुठीला होती, दोरा पिवळा पडलेला. ती सोडली आणि पर्समध्ये टाकली, फेकवली नाही. बूच ठोकून बसवलं. मग बस. दुपारची बस अर्धी रिकामी होती. कंडक्टर काठीकडे बघून म्हणाला, "पाटी, पुढं बसा, पायरी सोपी आहे." मला आजी म्हणाला. तशी मी दिसत असेन, वाद घातला नाही. तासभर काठी मांडीवर आडवी धरून बसले आणि अण्णाला काय सांगायचं ते जुळवत राहिले. एकही वाक्य धड जुळलं नाही. चाळीस मुलींसमोर अखंड बोलणारी बाई मी, आणि एका म्हाताऱ्यासाठी चार शब्द मिळेनात.

दारात रमणची गाडी उभी होती, तो आत सीट पाडून झोपला होता. हरितानं दार उघडलं आणि माझ्या हातातल्या काठीकडे बघून बाजूला झाली. शहाणी मुलगी आहे.

अण्णा पलंगावर उशीला टेकून बसला होता. तीन वर्षांत माणूस इतका उतरतो हे मला माहीत नव्हतं. मानेची हाडं वर आलेली, दाढी पांढरी. त्यानं काठी बघितली आणि तोंड वाकडं केलं. "गाडी पाठवलीस, आता काठी घेऊन आलीस. एकदा काय ते ठरव गे."

मी बसमध्ये अर्धंमुर्धं जुळवलेलं सगळं विसरले आणि म्हणाले, "अण्णा, मी काठी वाचलं होतं."

"काय?"

"त्या दिवशी. तू गाडी पाठव लिहिलंस. मी काठी पाठव वाचलं."

हरिता दाराशी होती, तिला एकदम सगळं कळलं असावं, कारण पदर नव्हता म्हणून तिनं ओढणी तोंडाशी धरली. अण्णाचे ओठ हलत होते. तो ते दोन शब्द मनात लिहून बघत होता, मला माहीत आहे, मीही तेच केलं होतं.

"मी 'ग' लिहिला होता," तो शेवटी म्हणाला.

"तमिळात 'ग' नाही अण्णा."

"माहीत आहे." मग म्हणाला, "मला वाटलं, तू म्हणतेस, चालत ये. लंगडत ये. नऊ वर्षं मी एकटीनं केलं, तू आता काठी टेकत ये आणि बघ. मला वाटलं, बरोबर आहे तिचं. म्हणून आलो नाही. तोंड कुठलं दाखवू?"

"एक फोन करायचास."

"तू करायचास."

हे त्याचं बरोबर होतं. दोघांच्या हातात फोन होते, दोघांनी दोन शब्द लिहून गप्प बसायचं ठरवलं. मी पलंगाच्या कडेला बसले. त्याच्या पायाला माझा धक्का लागला, त्यानं ओठ चावला, मी सरकले.

"सरस," तो म्हणाला, "मग झाली म्हणायची फिट्टंफाट. तू चुकीचं वाचलंस, मी विचारलं नाही."

आईचा शब्द त्याच्या तोंडून ऐकला आणि तेव्हा मला रडू आलं. आडपडदा न ठेवता सांगते, हरितासमोर, शेजारणीला ऐकू जाईल असं रडले. मग नाक पुसून म्हटलं, "नाही होत. तुझं तुझ्याकडे राहतं, माझं माझ्याकडे. मी एकतीस वर्षं हेच शिकवते, मला फसवू नको. आई तुला भेटली नाही ते तुझं दुखणं. मी भेटू दिलं नाही ते माझं. एकातून दुसरं वजा होत नाही."

"मग काय करायचं?"

"उठायचं," मी म्हटलं. मला दुसरं काही सुचलं नाही.

त्यानं मान फिरवली. "पाय उचलत नाही. जमीन सरकते."

"जमीन कशाला सरकेल? तिला दुसरी कामं नाहीत. हे बघ, ही डाव्या हातात घे. टोकाला नवीन रबर आहे. नुसती टेकवू नको, दाब. तू जेवढं खाली दाबशील तेवढंच ती तुला वर ढकलेल. दया येऊन जास्त नाही, राग येऊन कमी नाही. आपल्या घरातल्या माणसांपेक्षा बरी आहे."

"मिस झाली बघ," तो हरिताला म्हणाला. पण काठी हातात घेतली. मुठीवरून अंगठा फिरवला, नाना फिरवायचे तसा. मी उजवीकडून त्याच्या काखेत खांदा घातला, हरिता समोर उभी राहिली. पहिल्यांदा तो अर्धा उठला आणि खाली बसला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "घाबरतोस कशाला, पडलास तर माझ्यावर पडशील, आणि मला ते फिटल्यासारखं वाटेल." त्यानं काठी दाबली. बूच फरशीवर करकरलं आणि घट्ट बसलं. त्याचा सगळा भार माझ्या खांद्यावर आला, मी सगळ्या अंगानं वर रेटलं, माझ्या कमरेत कळ गेली, आणि तो उभा होता. थरथरत, डोळे मिटून, पण उभा. कुणी कुणाला धरलं होतं ते मला नीट सांगता येणार नाही.

"खाली बसवू?" हरितानं विचारलं.

"ती गाडी आहे का अजून?" अण्णा म्हणाला.

"आहे. पण अप्पा, डॉक्टर फक्त उभं राहा म्हणालेत."

"आईकडे जायचं आहे."

तीन वर्षांत माझ्या घराला कुणी आईचं घर म्हटलं नव्हतं. हरिता माझ्याकडे बघायला लागली. मी डॉक्टर नाही, पण नको म्हणायचं बळ माझ्यात नव्हतं. हरितानं डॉक्टरांना फोन केला, त्यांनी हळू न्या, जपून न्या, पाय लांब ठेवा, असं बरंच सांगितलं. पलंगापासून गाडीपर्यंत अठरा पावलं. मला वाटतं वीस मिनिटं लागली. मधे दोनदा खुर्ची, एकदा पाणी, एकदा मला शिवी. रमण उठून दार उघडून उभा होता, त्यानं पुढची सीट मागं सरकवून ठेवली होती, आईसाठी ठेवायचा तशी. अण्णाला बसवला, पाय लांब करून दिला, काठी त्याच्या दोन्ही हातांत. मी आणि हरिता मागं बसलो. माझी कंबर गेली होती, पदर फाटला होता, आणि संध्याकाळचं सगळं घरकाम तसंच पडलं होतं.

रमण किल्ली फिरवणार तेवढ्यात अण्णानं, मागं न बघता, विचारलं, "आई विचारत होती का गे?"

हा प्रश्न येणार हे मला बसमध्येच ठाऊक होतं. तीन वर्षं याचं उत्तर मी त्याच्यासाठी धार लावून ठेवलं होतं. आता धार माझ्याकडेच होती. खोटं सांगता आलं असतं.

"विचारत होती," मी म्हटलं. "दर थोड्या वेळानं. अनिरुद्ध निघाला का, एवढंच."

"तू काय सांगितलंस?"

"निघालाय म्हटलं. गाडीत बसलाय."

अण्णानं काठीवरची पकड घट्ट केली. मग सैल सोडली.

"म्हणजे खोटं नाही बोललीस," तो म्हणाला. "उशीर झाला नुसता."

रमणनं गाडी सुरू केली.